टूलबारवरचं बटण कंट्रोल नसतं

डॉट नेटमध्ये विंडोजचे प्रोग्राम बनवायच्या विंडोज फॉर्म्समधल्या टूलबारबद्दल या खेपेला चार प्रश्न घेतलेत. दिसायला वेगवेगळे, पण पहिल्या तिघांचं दुखणं एकच आहे.

प्रश्न : फॉर्मवरच्या सगळ्या कंट्रोल्सवर (बटण, टेक्स्टबॉक्स असे घटक) लूप फिरवून मजकूर इंग्रजीचा मराठी करतो. साधी बटणं बदलतात, टूलबारवरची ढिम्म हलत नाहीत. एररही येत नाही.

एरर येणार कुठून? तुमच्या लूपला ती बटणं भेटतच नाहीत. २००५ साली डॉट नेट २.० बरोबर टूलस्ट्रिप, म्हणजे टूलबारची पट्टी, आला. त्यावरचं बटण कंट्रोल नसून टूलस्ट्रिपआयटम, म्हणजे नुसता कंपोनंट असतो. विंडोजच्या लेखी अख्खी पट्टी ही एकच खिडकी आणि बटणं म्हणजे पट्टीने स्वतःवर काढलेली चित्रं. त्यामुळे फॉर्मच्या कंट्रोल्समध्ये पट्टी सापडते आणि बटणं पट्टीच्या आयटम्समध्ये.

तेव्हा लूप दोन पायऱ्यांचा करा : आधी टूलस्ट्रिप शोधा, मग त्याचे आयटम्स फिरा. पट्टी एखाद्या पॅनेलच्या पोटात असेल तर तिथवर उतरावं लागेल. लूपमधल्या व्हेरिएबलचा टाइप टूलस्ट्रिपबटन ठेवू नका, टूलस्ट्रिपआयटम ठेवा. नाहीतर पहिला सेपरेटर (बटणांमधली रेघ) आला की टाइप जुळत नाही म्हणून कास्टची एक्सेप्शन. ड्रॉपडाउन बटणाच्या आतले पर्याय ड्रॉपडाउनआयटम्समध्ये असतात, त्यामुळे फंक्शनने तिथे स्वतःलाच पुन्हा बोलवायचं. जागा न पुरल्याने ओव्हरफ्लोच्या बाणाखाली गेलेली बटणं मात्र आयटम्समध्येच असतात, त्यांची काळजी नको.

प्रश्न : कुठल्या बटणाला टूलटिप (माउस नेल्यावर दिसणारी छोटी सूचना) द्यायचा राहिलाय हे लूपने तपासलं. एकही रिकामा सापडला नाही. तरी एका बटणावर माउस नेला की ‘टूलस्ट्रिपबटन१’ असं येतं!

हे नाव गिऱ्हाइकाच्या स्क्रीनवर पाहिलं नाही असा विंडोज फॉर्म्सवाला विरळाच. मीही पाहिलंय, तेही डेमोच्या ऐन मध्यात.

गोम ऑटोटूलटिप या प्रॉपर्टीत आहे. बटणांना ती मुळातच चालू असते. टूलटिपटेक्स्ट रिकामा असेल तर वाचताना तो रिकामा मिळत नाही, बटणाचा टेक्स्टच हाती येतो, वर त्यातलं अँपरसँडचं (&) चिन्हही गाळलेलं. बटणावर फक्त चित्र दाखवायचं म्हणून टेक्स्टकडे कुणी बघत नाही आणि डिझायनरने ठेवलेलं नाव तिथेच राहतं. लूपमध्ये आधी ऑटोटूलटिप बंद करा, मग टूलटिपटेक्स्ट तपासा, खरे रिकामे लगेच उघडे पडतील. माझं मत विचाराल तर ती प्रॉपर्टी कायमचीच बंद ठेवावी. ‘सेव्ह’ लिहिलेल्या बटणावर पुन्हा ‘सेव्ह’ असा टूलटिप कुणाच्या कामाचा? त्यापेक्षा तिथे शॉर्टकट सांगा.

मेनूस्ट्रिप (मेनूची पट्टी) आणि स्टेटसस्ट्रिप (स्टेटस दाखवणारी पट्टी) यांच्यावर टूलटिप मुळातच बंद असतात. तिथे शोआयटमटूलटिप्स चालू करायला विसरू नका.

प्रश्न : फॉर्मवर टूलटिप कंपोनंट टाकलाय, पण सेटटूलटिपला टूलबारचं बटण दिलं की प्रोग्राम कंपाइलच होत नाही. शिवाय डिसेबल केलेल्या बटणावर टूलटिप दाखवता येतो का?

सेटटूलटिपला कंट्रोल लागतो, आणि तुम्ही देताय आयटम. आयटमचा स्वतःचा टूलटिपटेक्स्ट आहे, तोच भरा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर गमतीचं आहे. साधं बटण डिसेबल केलं की त्याला माउसचे मेसेज पोचत नाहीत, म्हणून टूलटिपही नाही. टूलबारवरच्या बटणाला स्वतःची खिडकीच नाही. माउस पट्टीला कळतो आणि पट्टी डिसेबल बटणाचाही टूलटिप दाखवते. याचा फायदा घ्या. बटण बंद करताना त्याच ओळीखाली टूलटिपटेक्स्ट बदला : ‘आधी बिल निवडा’. ‘बटण चालत नाही’ असे फोन यानेच कमी होतात. साध्या बटणाला हे हवं असेल तर ते ज्याच्यावर बसलंय त्या पॅरेंटच्या माउसमूव्हमध्ये खटपट करावी लागते.

प्रश्न : टेक्स्टबॉक्सवरचा लांब टूलटिप वाचून होण्याआधीच जातो.

टूलटिप किती वेळ दिसावा ते ठरवणारा ऑटोपॉपडिले मुळात ५००० मिलिसेकंद असतो, तो वाढवा. पण ३२७६७ च्या पुढे गेलात तर गाडी परत पाच सेकंदांवर येते. आणि बत्तीस सेकंदही पुरत नसतील, तर तो मजकूर टूलटिपमध्ये कोंबू नका, फॉर्मवर लेबल लावा.