नव्या प्रचालकासाठी: प्रतिबंधाचं बटण दाबण्याआधी

मराठी विकिपीडियावर प्रचालक (अ‍ॅडमिन) झालात, अभिनंदन. आता प्रतिबंधाबद्दल थोडं. प्रतिबंध म्हणजे एखाद्याचं संपादन बंद करणं, आणि तो पुढचं नुकसान थांबवण्यासाठी असतो. दोन दिवसांपूर्वी कुणी पानावर शिव्या लिहून गेला आणि परत फिरकला नाही, तर संपादन उलटवा आणि सोडून द्या.

आधी सदस्याच्या चर्चापानावर सूचना द्या. बरेच नवखे धूळपाटी (सरावाचं पान) समजून थेट लेखातच खेळत असतात. मात्र धमक्या देणाऱ्याला किंवा कुणाचा फोन नंबर टाकणाऱ्याला सूचनांची वाट पाहायला लावू नका.

आयपी पत्त्यावर (इंटरनेट जोडणीचा क्रमांक) बेमुदत प्रतिबंध नको. एकाच मोबाइल नेटवर्कचा किंवा कॉलेजचा पत्ता कितीतरी जण वापरतात, आज गोंधळ घालणारा उद्या तिथे नसेलही. काही तास, फार तर काही दिवस पुरतात. भांडण एकाच लेखावर असेल तर त्या पानापुरता आंशिक प्रतिबंध लावता येतो. तो फार कमी जण वापरतात, का कोण जाणे!

आणि वादात तुम्ही स्वतः असाल (जातींचे, इतिहासपुरुषांचे लेख यात पटकन ओढतात) तर बटणाला हात लावू नका, दुसऱ्या प्रचालकाला सांगा. कारण स्पष्ट लिहा. नोंद सगळ्यांना दिसते. प्रतिबंधित सदस्याचं चर्चापान शक्यतो त्याच्यासाठी उघडं ठेवा, म्हणजे त्याला दाद मागता येईल.