अर्धं नाव मैत्रिणीचं का?

दारव्हा तालुक्यातले एक कास्तकार लिहितात : मुलगी बारावी सायन्सला आहे. गावातल्या रोजच्या गोष्टींवर तीन चौकटींची चित्रमालिका काढते, मैत्रीण लिहून देते. मी वही कपाटात कुलूपबंद केली. म्हटलं, आधी नीटची परीक्षा दे. नाही निघाली तर पुन्हा दे. आणि काढायचंच असेल तर एकटीनं काढ, अर्धं नाव दुसरीला कशाला?

भाऊ, मार्कांचं नंतर पाहू. कुलूप मला जास्त खटकलं. नीट तिला द्यायची आहे का, हे तुमच्या पत्रात कुठंच नाही.

तक्रार म्हणून पाठवलेल्या फोटोंतलं कापसाचं पान पुन्हा बघा. पहिल्या चौकटीत आजी कापूस वेचते. दुसरीत नातू विचारतो, "आजी, भाव काय निघाला?" तिसरीत आजी नुसती ओटी झटकते. तिथं आधी लांबलचक वाक्य होतं. ते खोडून शेजारी वेगळ्या अक्षरात "नको" लिहिलंय. लिहिणारीनं चित्र पाहून स्वतःचंच वाक्य कापलं, म्हणून ते पान जमलं.

खरा कलाकार सगळं एकटाच करतो, हा गैरसमज काढून टाका. १९९१ साली 'सकाळ'मध्ये सुरू झालेला 'चिंटू' चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर या दोघांच्या नावानं छापून आला. रोज प्रसंग सुचणं वेगळं आणि तो चौकटींत बसवणं वेगळं. एकीला दिसत नाही ते दुसरीला दिसतं.

चूक दुसरीच आहे. संवादाचा फुगा आधी काढून त्यात शब्द कोंबलेत. अक्षरं आधी, फुगा नंतर. वर मात्रा, खाली उकार, त्यामुळे दोन ओळींत मोकळी जागा लागते. नाहीतर छपाईत लहान झाल्यावर गिचमिड होते. चित्र छापायच्या मापाच्या दुप्पट काढायला सांगा.

नुसत्या मालिकेवर घर चालेल, असं मी म्हणणार नाही. बारावीनंतर एएसी सीईटी ही कलाशिक्षणाची प्रवेश परीक्षा देऊन उपयोजित कलेची चार वर्षांची बीएफए पदवी करता येते. नागपूरला शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे.

पैशाची काळजी असेल तर मैत्रिणीला काढू नका, कागद करा. नावांचा क्रम, मानधनाची वाटणी, एकीनं सोडलं तर पात्रं कोणाची, हे सगळं लिहा. पुढं वृत्तपत्राला हक्क दिले तर मुदतही लिहून घ्या. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं धरतात. मुली अठराच्या आत असतील तर सह्या पालकांच्या लागतील. म्हणजे मैत्रिणीच्या घरी तुम्हालाच जावं लागेल. जाताना वही सोबत न्या.