पाण्यात भिजलेल्या कागदांवरची काही अक्षरं टिकतात, काही धुऊन जातात, असं का? असे कागद वाळवावेत कसे?

तुम्ही लिहिलंय की माळ्यावरची टाकी गळून कपाटात पाणी गेलं. फाइलमधले बरेच कागद शाबूत आहेत, आईच्या पत्रांवर मात्र निळे डाग तेवढे उरलेत, आणि निम्मे कागद अजून ओलेच आहेत. तर आधी ओल्या कागदांचं बोलू, कारण ओल दोन दिवस राहिली की बुरशी धरते.

उन्हात घालू नका. इस्त्री फिरवू नका. चिकटलेली पानं ओढू नका. सदाशिव पेठेत तीस वर्षं बाइंडिंगचं काम करतोय, आणि पाण्याने गेले त्याहून जास्त कागद घाईने वाळवताना गेलेले मी पाहिलेत.

कागद म्हणजे झाडाच्या किंवा कापसाच्या तंतूंचा लगदा, जाळीवर गाळून वाळवलेला. वाळताना पाणी निघून जातं आणि तंतू एकमेकांना घट्ट बिलगतात; कागदाची ताकद मुख्यतः त्या बिलगण्याचीच. पाणी परत आत शिरलं की ती पकड सुटते. म्हणून ओला कागद कोपऱ्याला धरून उचललात तर स्वतःच्या वजनानेच फाटतो. त्याच्याखाली प्लास्टिकचा जाड कागद सरकवा आणि दोन्ही मिळून उचला. शिवाय तंतू पाणी पिऊन जाडीला फुगतात, लांबीला जवळजवळ नाही, आणि वाळताना सगळीकडे सारखे आकसत नाहीत. वाळलेल्या वहीला लाटा येतात त्या यामुळे. आपल्या नोटा कापसाच्या लांब, चिवट तंतूंच्या असतात, त्यामुळे खिशात राहून धुतली गेलेली नोट बहुधा सहीसलामत निघते.

आता शाई. रंग पाण्यात विरघळलेला आहे, की न विरघळणारे कण आहेत, एवढं कळलं की बाकीचं उलगडतं. फाउंटन पेनची नेहमीची निळी शाई म्हणजे पाण्यात विरघळलेला रंग. पाणी आलं की तो आला तसा परत जातो. शिक्क्याच्या पॅडची शाईही बरेचदा तशीच, म्हणून पावतीवरचा जांभळा शिक्का पसरतो आणि त्याच पावतीवरची बॉलपेनची सही जागची हलत नाही. बॉलपेनची शाई तेलकट, तिला पाण्याचं काही वाटत नाही. स्पिरिटचा बोळा लावा, लगेच फुटेल. झेरॉक्सची अक्षरं म्हणजे प्लास्टिकची काळी भुकटी, उष्णतेने वितळवून कागदावर बसवलेली. ती पाण्यात राहतात. घरच्या इंकजेट प्रिंटरचं मात्र खात्रीने सांगता येत नाही. पेन्सिल सगळ्यात बिनघोर, ग्राफाइट पाण्यात विरघळतच नाही.

खात्री करायची तर रद्दीच्या कागदावर घरातल्या प्रत्येक पेनाने एकेक ओळ लिहा, तासाभराने तो ताटातल्या पाण्यात सोडा. काळ्या स्केचपेनची रेघ टिपकागदावर मारून खालची कड पाण्याला लावलीत, तर काळ्यातून निळा, गुलाबी असे रंग वेगळे होऊन वर चढताना दिसतील. मुलांना जरूर दाखवा.

२५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडच्या एकतानगरीत पाणी शिरलं, त्यानंतर एका कुटुंबाने माझ्याकडे ट्रंक आणली होती. वर सोसायटीची कागदपत्रं, खाली पणजोबांच्या वेळचा मोडीतला एक कागद, बोरूने आणि काजळाच्या शाईने लिहिलेला. कागद चिखलाने पिवळा झाला होता, अक्षरं काळीभोर. घरातल्या मुलीने चिखल पुसायला बोट पुढे केलं आणि मी तिचा हात धरला. काजळ विरघळत नाही, पण ते कागदाला धरून ठेवतो तो डिंक, आणि डिंक पाण्यात मऊ पडतो. एका बोटाने अख्खी ओळ काळ्या पट्ट्यात गेली असती. आम्ही तो टिपकागदावर ठेवला, तासातासाने खालचा टिपकागद बदलत राहिलो. वाळल्यावर मऊ ब्रशने माती आपोआप सुटली. तो कागद माझ्या हातून वाचला याचं मला आजही फार बरं वाटतं.

तुमच्या पत्रांचं म्हणाल तर ती पाण्याने पुन्हा धुऊ नका. आत्ता, ओली असतानाच, दिवसाच्या उजेडात फोटो काढून घ्या, कारण वाळतानाही रंग सरकतो. शाई जुन्या पद्धतीची निळी-काळी असेल तर आशा आहे: तिच्यात लोहाचा अंश असतो, निळा रंग वाहून गेला तरी करडी रेघ मागे राहते. साधी निळी असेल तर गेलेला रंग परत आणता येत नाही, हे तुम्हाला सांगताना जड जातंय.

गुळगुळीत पानांचे अल्बम, मासिकं, माहितीपुस्तकं आधी हाताळा. त्या कागदावर पांढऱ्या मातीचा लेप असतो, ओला झाला की चिकट होतो, आणि पानं एकत्र वाळली तर त्यांची वीट बनते. ओलं असतानाच पानापानात बटर पेपर घाला. दुकानांची गुळगुळीत बिलं उष्णतेने काळी पडतात, त्यांना हेअर ड्रायर लावू नका. शिवलेली पुस्तकं उभी ठेवून पानं जराशी फाकवा, पंखा खोलीत चालू ठेवा पण थेट पुस्तकावर नको. पुठ्ठ्याला लावलेली मैद्याची खळ बुरशीला फार आवडते. खळीत आम्ही मोरचूद घालतो, पण तो किडीसाठी, एवढ्या ओलीपुढे त्याचं चालत नाही.

आणि एवढं सगळं दोन दिवसांत उरकणार नसेल, तर उरलेले कागद थोडे थोडे पॉलिथिनच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही, शाईही पसरायची थांबते. फोटो मात्र फ्रीजरमध्ये नकोत, ते गार स्वच्छ पाण्यात ठेवा आणि एकेक काढून, चित्राची बाजू वर करून वाळवा.