वाचक विचारतात : आधी लगीन, मग हिशेब?

गेल्या अंकात जॉर्ज इलियट या पुरुषी नावानं लिहिणाऱ्या इंग्लिश बाईंच्या ‘मिडलमार्च’ या कादंबरीवर लिहिलं आणि पत्रांचा ढीग पडला, त्यातली निवडक इथं घेतेय. ज्यांनी तो अंक बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इंग्लंडातलं एक तालुक्याच्या ठिकाणासारखं गाव, काळ १८२९ ते १८३२, म्हणजे इकडं साताऱ्याच्या गादीवर प्रतापसिंह महाराज होते आणि १८३१ ला नायगावात सावित्रीबाईंचा जन्म झाला, तो काळ. या गावातल्या तीन जोड्या. डोरोथिया ही मोठं काहीतरी करायची आस असलेली पोरगी, ती पंचवीसेक वर्षांनी मोठ्या कॅसॉबन नावाच्या विद्वानाशी लग्न करते. बाहेरून आलेला हुशार डॉक्टर लिडगेट, तो गावातल्या सगळ्यात देखण्या रोझामंडशी. आणि रोझामंडचा उधळ्या भाऊ फ्रेड, तो मेरी गार्थच्या मागं. बाकी जमीन, मृत्युपत्रं, बँकवाला, राजकारण, सगळं आहेच.

ताई, आमच्या भिशीत या पुस्तकावरून जोरात वाद झाला. बाकी सगळ्या म्हणाल्या रोझामंडनं नवऱ्याचं वाटोळं केलं. माझे मिस्टर पण डॉक्टर आहेत म्हणून मला जास्त लागलं असेल, पण लिडगेट काय कुक्कुलं बाळ होतं का? – एक वाचक, मिरज

अजिबात नव्हतं, आणि भिशीत तुम्ही एकट्या पडला असाल तर माझं मत तुमच्याकडं धरा.

माणूस सत्तावीस वर्षांचा, लंडन, एडिंबरा, पॅरिस असं शिकून आलेला. डोक्यात ध्यास काय, तर बिशा नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं शरीरातल्या ऊतींवर जे काम केलं त्याच्या पुढं जायचं, सगळ्या ऊतींच्या मुळाशी काय आहे ते शोधून काढायचं. त्यात तत्त्वाचा पक्का, औषधं स्वतः विकणार नाही म्हणाला. आता त्या काळात गावातल्या डॉक्टरांचं घर चालायचं तेच औषधाच्या बाटल्यांवर, त्यामुळं बाकीचे डॉक्टर भडकले आणि पेशंटही बिचकले. आपल्याकडं एखाद्यानं गरज नसताना सलाईन लावायचं बंद करून बघावं, ‘काय डॉक्टर हाय, इंजेक्शनबी दिलं न्हाई’ म्हणत लोक समोरच्या दवाखान्यात जातील, तुमच्या मिस्टरांना विचारा हवं तर. शिवाय नवीन हॉस्पिटलचं काम तो फुकट करायचा. म्हणजे मिळकत बारीक, स्वप्न मोठं, आणि लग्न तर इतक्यात करायचंच नाही असं स्वतःच ठरवलेलं.

आणि मग काय झालं तर रोझामंडच्या घरी एक निरोप द्यायला म्हणून गेला, ती विणत होती ती साखळी हातातून खाली पडली, यानं उचलून दिली आणि वर बघतो तर तिच्या डोळ्यात पाणी. झालं! अर्ध्या तासात साहेब लग्न ठरवून बाहेर. त्या अर्ध्या तासात मिळकत किती, खर्च किती, तुला काय लागतं, मला काय जमेल, यातला एक शब्द नाही. सासऱ्यानं हात वर केले होते, पोरीला द्यायला माझ्याकडं पैसा नाही म्हणून. तरी यानं घर घेतलं, चांदीची भांडी घेतली, जेवणाचा भारी सेट घेतला, आणि हे लक्षात घ्या की यातलं बरंचसं त्यानं स्वतः पसंत केलंय. शास्त्रात नवं काहीतरी करणारा हा माणूस फर्निचरच्या बाबतीत मात्र चारचौघांसारखाच, चांगल्या घरातल्या माणसाकडं हलक्या वस्तू नसतात एवढंच त्याला माहीत, आणि पैशाचा विचार करणं म्हणजे त्याला जरा कमीपणाचं वाटायचं. इथंच सगळं बिघडलंय असं माझं मत, रोझामंड नंतर येते.

कर्ज अंगावर येतं तेव्हा तो बायकोला पहिल्यांदा कधी सांगतो? उद्या माणूस घरातल्या सामानाची यादी करायला येणार, तर आज संध्याकाळी. मग ती गार पडणार नाही तर काय करणार! पुढं ती जे करते ते वाईटच आहे, त्याची वकिली मी करणार नाही. तो घर भाड्यानं द्यायचं ठरवून लिलाववाल्याकडं काम सोपवतो आणि ती गुपचूप जाऊन ते रद्द करून येते, सांगत पण नाही. त्याच्या सरदार काकांना परस्पर पत्र लिहून पैसे मागते, आणि काकांचं उत्तर येतं ते लिडगेटच्या नावावर, बायकोला कशाला पुढं करतोस म्हणून झापणारं. वाचताना संताप येतो.

पण कायदा बघा. तेव्हाच्या इंग्लंडात वेगळा करारमदार केलेला नसला तर बाईचं लग्न झालं की तिच्या हातातला पैसा, चीजवस्तू नवऱ्याची व्हायची. बायकोची कमाई बायकोची, हे तिथं १८७० च्या कायद्यानं आलं आणि बाकी मालमत्ता १८८२ ला. घरातलं सामान गहाण टाकायला लिडगेटला तिची सही लागत नव्हती. जिला नाही म्हणायचा हक्कच नाही ती नाही कसं म्हणणार, मागच्या दारानं. तोंडावर गोड बोलायचं आणि आपल्याला हवं तेच करायचं, हे शिकलेल्या बायका आपल्या प्रत्येक वाड्यात होत्या की.

भिशीतल्या मैत्रिणी रोझामंडच्या आत्याचं उदाहरण नक्की देतील. हॅरिएट, बँकवाल्या बुलस्ट्रोडची बायको. नवऱ्याची जुनी पापं गावभर होतात तेव्हा ती खोलीचं दार लावून घेते, दागिने काढून ठेवते, साधा काळा पोशाख घालते आणि खाली येऊन त्याच्या शेजारी बसते. जबरदस्त प्रसंग आहे, कितीही वेळा वाचला तरी गळा दाटतो. पण त्या बाईनं त्या नवऱ्याबरोबर कितीतरी वर्षं काढली होती, आणि तिचा नवरा तिच्याशी कायम मऊ वागलेला. विशीतल्या नव्या नवरीकडून तेच मागायचं आणि तिला घरचा जमाखर्च पण दाखवायचा नाही, हे काय बरोबर नाही.

लिडगेटचं शेवटी काय झालं तर श्रीमंत पेशंटांचा डॉक्टर झाला, पैसा भरपूर मिळवला, गाउटवर एक पुस्तक लिहिलं (सांधे सुजवणारा, श्रीमंतांचा म्हटला जाणारा आजार, इलियटबाईंचा हा खास चिमटा) आणि पन्नाशीत गेला. विमा मात्र तगडा उतरवला होता. म्हणजे हिशेब शिकला, फक्त ऊतींचं संशोधन राहिलं ते राहिलंच.

एवढं जाडजूड पुस्तक वाचायचं कसं? – सांगली

हप्त्यानं. ते आलंच मुळात आठ भागात, डिसेंबर १८७१ पासून वर्षभर, लोक पुढच्या भागाची वाट बघत वाचायचे. ८६ प्रकरणं आहेत, रोज एक धरलं तर तीन महिन्यात संपतं. सुरुवातीची दहा जड जातील, लिडगेट आला की पकड येते.

मी शिक्षक आहे. मेव्हण्याच्या पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहिलो, त्यानं हप्ते थकवले, आता मला नोटीस आलीये. तुम्ही गार्थ कुटुंबाबद्दल दोनच ओळी लिहिल्या, जरा सविस्तर लिहा, माझ्या बायकोला वाचायला देतो. – तासगाव

सर, बायकोला वाचायला देण्याआधी तुम्ही वाचा.

फ्रेडवर १६० पौंडांचं देणं, आणि त्या कागदावर मेरीच्या बापानं, केलेब गार्थनं, जामीन म्हणून सही केलेली. केलेब म्हणजे देवमाणूस, दुसऱ्यांच्या जमिनी बघणारा, कामात सोनं आणि व्यवहारात शून्य. सही करताना बायकोला बोलला नाही, पोरगं चांगलं आहे, फेडेल म्हणाला. फ्रेडला वाटायचं म्हातारा नातेवाईक मरेल आणि जमीन आपल्याला मिळेल, त्या आशेवर सगळं. मुदत जवळ आल्यावर यानं आपला घोडा आणि वर ३० पौंड देऊन दुसरा घोडा घेतला, ८० ला विकू म्हणून, आणि तो घोडा तबेल्यात लंगडा झाला. हातात उरले ५०.

मग तो गार्थांच्या घरी सांगायला जातो तो प्रसंग बघा. मिसेस गार्थ स्वयंपाकघरात पीठ लाटता लाटता पोरांचं व्याकरण घेतायत, हात पिठात आणि तोंडानं धडा, तुमच्यासारखीच शिक्षकीण बाई ती. शिकवण्या घेऊन तिनं ९२ पौंड साठवलेत, पोराला धंदा शिकायला पाठवायचं म्हणून. ते गेले. उरलेले १८ थोरल्या पोरीच्या, मेरीच्या, साठवलेल्या पगारातून. फ्रेडला तोपर्यंत फक्त आपली लाज दिसत होती, दोन बायकांचे कष्ट आपण खाल्ले हे त्याला त्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा कळतं. बाई आरडाओरडा करत नाही हे अजून वाईट.

आता तुमचं. आपला कराराचा कायदा १८७२ चा, म्हणजे ही कादंबरी पुरी झाली त्याच साली आला बघा, त्याचं १२८ कलम म्हणतं की करारात वेगळं काही लिहिलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच. आधी मेव्हण्याकडं जा मग माझ्याकडं या, असं सहसा म्हणता येत नाही. नोटीस १०१ ची, म्हणजे सहकारी संस्थांच्या कायद्यातल्या वसुलीच्या कलमाची असेल तर ड्रॉवरमध्ये ठेवून देऊ नका, तारखेला हजर राहा, सहकारातलं कळणारा वकील गाठा, तुम्ही भरलेली रक्कम मेव्हण्याकडून वसूल करायचा हक्क तुम्हाला आहे त्याचे कागद आजपासून जपा. आणि बायकोला गार्थबाईचा प्रसंग वाचायला देऊन ती पण तशीच शांत राहील ही आशा सोडा, तिला आधी आकडा सांगा.

कॅसॉबननं मृत्युपत्रात लिहिलं की डोरोथियानं त्याच्याच नात्यातल्या त्या तरुण लाडिस्लॉशी लग्न केलं तर इस्टेट जाणार. असं करता येतं? आणि आपलं ‘शारदा’ नाटक आठवलं, बरोबर का? – सातारा

आठवणारच, ते लिहिणारे देवल आमच्या सांगलीजवळच्या हरिपूरचेच की! पण फरक मोठा आहे. १८९९ च्या त्या नाटकात कांचनभट पोरगी म्हाताऱ्या भुजंगनाथाला पैशासाठी देतो, सौदा बापाचा. डोरोथियाला कुणीच ढकललेलं नाही, उलट बहिणीला हे लग्न पसंत नव्हतं, काका पण बिचकत होते, हीच हट्टाला पेटली, विद्वान नवऱ्याच्या थोर ग्रंथाला हातभार लावायचा म्हणून. तिला स्वतःला शिकायचं होतं, मोठं काम करायचं होतं आणि त्या काळात तिच्यासारखीला त्याचा एकच रस्ता दिसला, नवरा. तो ग्रंथ कधी पुरा होणारच नव्हता हे तिला रोमला हनिमूनला गेल्यावर उमगायला लागतं.

मृत्युपत्राचं म्हणाल तर तिथं अशी अट चालत होती. आपल्याकडं तर मृत्युपत्र पण लागायचं नाही. १८५६ चा विधवा पुनर्विवाहाचा कायदा आपण मोठा म्हणतो आणि तो मोठाच, पण त्यातच लिहिलेलं की पुन्हा लग्न केलं की मेलेल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क गेला. कॅसॉबननं एका माणसापुरतं लिहिलं, आपल्याकडं सरसकट होतं.

ताई, मी एमपीएससी करते, वय २६. डोरोथियानं प्रेमासाठी इस्टेट सोडली हे वाचून दादा म्हणाला बघ, नाती पैशापेक्षा मोठी असतात. आमच्यात सध्या हक्कसोडचा विषय चालूये. शिवाय शेवटी ती नुसती बायको होऊन राहिली याचा राग पण आला. – पलूस

राग येऊ दे, इलियटबाईंच्या काळातल्या वाचकांनाही तो शेवट खटकला होता. दुसऱ्या नवऱ्याच्या, म्हणजे लाडिस्लॉच्या, राजकारणाला मदत करत राहिली, स्वतःचं म्हणून काही उभं केलं नाही. आणि लिहिणारी बाई मात्र पुरुषाचं नाव घेऊन लिहीत होती, लग्न न करता लुइस नावाच्या लेखकाबरोबर राहत होती, सगळ्या इंग्लंडात नाव कमावून बसली होती. स्वतःला दिलं ते नायिकेला का दिलं नाही यावर माझं आणि माझ्या एका मैत्रिणीचं अजून भांडण चालू आहे.

पण दादानं पुस्तक नीट वाचलेलं दिसत नाही. डोरोथियानं सोडली ती नवऱ्याची इस्टेट. आईबापांकडून आलेले वर्षाला ७०० पौंड होते ते तिनं सोडलेले नाहीत, एक पेनी पण नाही. उलट लाडिस्लॉला हो म्हणताना ती तेच सांगते की माझं स्वतःचं आहे, त्यात आपलं भागेल, आणि प्रत्येक गोष्टीची किंमत काय असते ते शिकून घेईन. सगळ्या पुस्तकात लग्न ठरवतानाच खर्चाचं तोंडानं बोलणारी ही एकच प्रेमिका मला सापडली. माहेरचं तिनं जपलं म्हणून तिला मनासारखं लग्न करता आलं, दादाला हे पान उघडून दाखव.

तुझ्या वडिलोपार्जित जमिनीत हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं तुझा हक्क दादाएवढाच आहे. सोडायचा की नाही हे तुझं तू ठरव, भावावर जीव असेल आणि सगळं बघून सोडावासा वाटला तर सोड, त्यात वाईट काही नाही. पण आधी सातबारा आणि आठ-अ स्वतः ऑनलाईन काढून बघ, किती गट, किती एकर, बोजा कुठं आहे का. हक्कसोडपत्र एकदा रजिस्टर झालं की मागं घेणं फार अवघड. आणि प्रिलिम तोंडावर असेल तर दादाला सांग परीक्षेनंतर बसू, तोपर्यंत कुठल्या कोऱ्या कागदावर सही मागितली तरी करू नकोस.