मका टवटवीत, सोयाबीन मलूल : टॉनिक मारू नका

प्रश्न : बांधापलीकडचा मका भर दुपारी टवटवीत असतो, माझं सोयाबीन मात्र माना टाकतं. दुकानदार म्हणतो, प्रकाशसंश्लेषण वाढवणारं टॉनिक दुप्पट मारा. मारू का?

उत्तर : नको. दुप्पट नको, एकपटही नको. पावसाने ताण दिला की ही तक्रार येतेच, आणि शेतात जाऊन पाहावं तर बहुतेक वेळा रोग नसतो. दोन्ही पिकांची घडणच वेगळी आहे.

हवेतला कार्बन पकडायच्या पद्धतीवरून पिकांचे सी-३ आणि सी-४ असे प्रकार पडतात. सोयाबीन, भात, गहू, कापूस ही सी-३ पिकं. कार्बन पकडणारं त्यांचं रुबिस्को हे विकर (एन्झाइम) ऊन तापलं की ऑक्सिजनही पकडत बसतं आणि कमावलेल्या कार्बनातला काही परत हवेत जातो. मका, ज्वारी, ऊस ही सी-४. मक्याचं पान उजेडासमोर धरून पाहा. शिरा दाट असतात, आणि प्रत्येक शिरेभोवती हिरव्या पेशींचं कडं असतं. त्या कड्यात कार्बन डायऑक्साइड कोंडून रुबिस्कोला पुरवला जातो, मग ऑक्सिजनला फारसा वाव राहत नाही. पानाची छिद्रं कमी उघडूनही भागतं, म्हणून पाणी कमी उडतं आणि मका टवटवीत दिसतो. ही सोय सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वीपासून ६० हून अधिक वंशशाखांत स्वतंत्रपणे घडत आली. ती सोयाबीनच्या पानात फवाऱ्याने कशी येईल?

सूर्योदयाला झाड पाहा. ताठ असेल तर दुपारचं मलूलपण सोडून द्या. सकाळीही मलूल असेल तर ओल तपासा, मुळं उपटून पाहा. आधी बाटली विकत घेऊ नका.

युरियाचा जादा हात तर मुळीच नको. मुळांवरच्या गाठी कमी होतात, पाला माजतो, खालच्या पानांना ऊन मिळत नाही. आणि दुपारी काहीही फवारू नका! थेंब सुकतो, क्षार पानावर राहतो, पान करपतं.

करायचं एकच : ओळींमध्ये काडाचं आच्छादन. त्याआधी लव्हाळा आणि हरळी काढा. दोन्ही सी-४ आहेत, उन्हात सोयाबीनला मागे टाकतात आणि ओल पितात.

प्रश्न : ड्रॅगन फ्रूटवर दुपारी विद्राव्य खत फवारू का?

उत्तर : नाही. कडक उन्हात त्याची पर्णरंध्रं (हवा आत-बाहेर जाण्याची सूक्ष्म छिद्रं) बंद असतात. कार्बन ते रात्री घेतं आणि मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतं. फवारायचंच तर ऊन उतरल्यावर, लेबलवरच्या मात्रेनेच.