बंद दारामागचा पाऊण तास

प्रश्न : माझी मुलगी १४ वर्षांची आहे. गेल्या काही महिन्यांत तिची चिडचिड वाढली, मैत्रिणींकडे जाणे थांबले आणि अभ्यासातले लक्ष उडाले, म्हणून आम्ही तिला समुपदेशकांकडे नेऊ लागलो. आतापर्यंत पाच सत्रे झाली आहेत. आत काय बोलणे झाले असे विचारले तर मुलगी ‘काही नाही’ म्हणते आणि समुपदेशक ‘ते आमच्या दोघींतले आहे’ असे सांगतात. आईलाच काही कळू नये, हे मला पटत नाही. शिवाय तिथून आल्यावर ती कधी कधी अधिकच गप्प असते. हे असेच चालू ठेवावे का?

– एक आई

उत्तर : चालू ठेवावे, मात्र समुपदेशकांशी एकदा मोकळेपणाने बोलून घ्यावे. आपण बोललेले संध्याकाळपर्यंत घरी पोहोचणार, अशी शंका असेल तर या वयाची मुले तुम्हाला ऐकायला बरे वाटेल तेवढेच बोलतात, आणि मग पाच काय, पन्नास सत्रे झाली तरी मूळ दुखण्याला हात लागत नाही. म्हणून ही गोपनीयता म्हणजे तुमच्यावरचा अविश्वास नव्हे. उपचाराचा तो पायाच आहे.

तरीही ती अमर्याद नसते. मुलीच्या जिवाला धोका आहे, तिचे कोणी शोषण करत आहे किंवा तिच्याकडून दुसऱ्या कोणाला गंभीर इजा होऊ शकते, असे दिसले तर समुपदेशकाने गप्प राहायचे नसते. ही मर्यादा पहिल्याच भेटीत मुलीला आणि पालकांना, दोघांनाही सांगायला हवी. तुम्हाला ती सांगितली गेली नसेल तर ती त्यांची चूक आहे, आणि ती आता विचारून घेण्यात संकोच बाळगू नये. याशिवाय उपचाराचा उद्देश काय, पद्धत कोणती, साधारण किती सत्रे लागतील, सुधारणा कशावरून ओळखायची आणि घरी आम्ही काय करावे, हे सर्व विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. फक्त अशी भेट मुलीला सांगून घ्यावी, शक्यतो तिच्या उपस्थितीत. तिच्या पाठीमागे केलेला एक फोन आजवर जमवलेला विश्वास घालवू शकतो.

पाच सत्रांत निकाल लावण्याची घाई मात्र करू नये. विचार आणि वर्तन यांवर काम करणारी जी उपचारपद्धती (कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी) ॲरन बेक यांनी १९६० च्या दशकात विकसित केली, तिचा नेहमीचा क्रमदेखील साधारण १२ ते १६ सत्रांचा असतो, आणि त्यातली पहिली काही तर ओळख होण्यातच जातात. दडवलेले बोलून आल्यावर थकवा येणे स्वाभाविक आहे. त्या संध्याकाळी प्रश्न न विचारता नुसते जवळ असावे. हा गप्पपणा दिवसेंदिवस टिकू लागला, तर मात्र समुपदेशकांच्या कानावर घालावा.

एक गोष्ट तुमच्या पत्रात ओझरती आली आहे, पण मला ती महत्त्वाची वाटते. प्रौढांमधले नैराश्य बहुधा उदासीतून दिसते. किशोरवयात ते पुष्कळदा चिडचिडीचा वेष घेते आणि घरचे त्याला ‘उद्धटपणा’ समजून बसतात. मरणाचे बोलणे, स्वतःला इजा केल्याच्या खुणा किंवा अन्न आणि झोप पार सुटणे, यांपैकी काहीही आढळले तर पुढच्या सत्राची वाट न पाहता मनोविकारतज्ज्ञांना गाठावे, आणि तोवर तिला एकटे सोडू नये. ‘तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?’ असे तिला सरळ विचारावे. विचारल्याने असा विचार मनात पेरला जातो, ही भीती निराधार आहे. उलट कोणीतरी विचारले याने पुष्कळ मुलांना हायसे वाटते.

प्रश्न : माझ्या सात वर्षांच्या मुलाने डोळ्यांदेखत रस्त्यावरचा अपघात पाहिला, तेव्हापासून तो एकटा झोपत नाही. तज्ज्ञांकडे नेतो, तर ते त्याला तासभर खेळू देतात. खेळ तर घरीही होतो. मग पैसे कशाचे?

– एक वडील

उत्तर : सात वर्षांच्या मुलाला ‘मला पुन्हा पुन्हा ते दृश्य दिसते’ असे वाक्य जुळवता येत नाही, पण खेळण्यातल्या दोन गाड्या एकमेकींवर आदळवता येतात. मूल खेळाची दिशा ठरवील आणि मोठ्याने तिच्या मागे जावे, ही पद्धत व्हर्जिनिया ॲक्सलाइन यांनी १९४० च्या दशकात मांडली. घरच्या खेळात आपण ‘असे नको आपटू’ म्हणतो. तिथे तज्ज्ञ पाहतात की आदळल्यानंतर काय होते, रुग्णवाहिका कधी येते का, कोणी वाचते का. तीच टक्कर आठवड्यानुआठवडे त्याच शेवटाने होत राहिली आणि मूल अधिकच ताणलेले दिसले, तर निव्वळ खेळाने भागत नाही. मग घडलेल्या घटनेविषयी बेताबेताने बोलण्याचे काम हाती घ्यावे लागते.

झोपेचे काम मात्र तुमच्याकडे आहे. रोज त्याच्याशेजारी झोपल्याने भीती त्या रात्रीपुरती शमते आणि दुसऱ्या रात्री तेवढीच परत येते. म्हणून आधी पलंगाजवळ बसावे, काही दिवसांनी खुर्ची दाराशी न्यावी, मग दाराबाहेर. प्रत्येक पायरीवर तो निर्धास्त झाल्याशिवाय पुढची घेऊ नये, आणि एखाद्या रात्री मागे यावे लागले तर त्याला रागावू नये. पायऱ्या किती आणि कोणत्या, हे तज्ज्ञांना विचारूनच ठरवावे. त्यांना ते सांगता आले नाही किंवा खेळामागचा हेतूच स्पष्ट करता आला नाही, तर दुसऱ्या तज्ज्ञांकडे जायला हरकत नाही.