मी घरात नसताना त्याला फिट आली तर?

हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय की समोरच्यानं "मी घरात..." एवढं म्हटलं तरी पुढचं कळतं. विचारणारे वेगवेगळे असतात. कधी एकटी राहणारी आयटीतली मुलगी, कधी सासूचं दुखणं काढणारी गृहिणी, कधी निवृत्त गृहस्थ. कुत्रा लॅब्राडोर असतो, बीगल असतो, रस्त्यावरून उचलून आणलेला गावठीही असतो. फिट महिन्या-दोन महिन्यांतून एखादी येते, औषध चालू असतं, आणि माणूस मात्र चोवीस तास पहाऱ्यावर. मी समुपदेशक. यातले फार थोडे माझ्याकडे आपणहून येतात. बहुतेकांना प्राण्यांचे डॉक्टरच माझ्याकडे पाठवतात, कारण रात्री दीड वाजता त्यांच्या व्हॉट्सॲपवर 'झोपेत पाय हलवतोय, फिट असेल का?' असे मेसेज यायला लागलेले असतात.

म्हणून हा एक अनुभव सांगते. विलासराव आणि मीनाताई ही नावं मी ठेवलेली, आणि दोन-तीन घरांचे तपशील एकमेकांत मिसळलेत. त्यांच्या लॅब्राडोरला आपण बंड्या म्हणू. वय चार.

आधी आल्या त्या मीनाताई, एकट्याच.

"आम्ही दोघं एकत्र घराबाहेर पडून किती दिवस झाले, आठवत नाही. मी भाजीला गेले की हे घरात. हे काही कामाला बाहेर गेले की मी घरात. रात्री हे हॉलमध्ये सतरंजी टाकून बंड्याशेजारी. आता सांगलीला पुतण्याचं लग्न आहे. म्हणाले, तू जाऊन ये, मी थांबतो. सख्ख्या भावाच्या मुलाचं लग्न हो!" मग जरा थांबून, हसत, "मला फिट आली असती तर एवढं केलं नसतं यांनी."

त्या हसण्यात राग होता आणि रागाची लाजही होती. मुक्या जनावरावर काय रागवायचं, म्हणून त्या तो गिळत होत्या. मी म्हटलं, तुमचा राग बंड्यावर नाहीच, आणि विलासरावांवरही पूर्ण नाही. पुढच्या वेळी त्यांना घेऊन या. तर म्हणाल्या, "दोघं कसे येणार? बंड्याजवळ कोण थांबेल?"

शेवटी शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा तासभर थांबायला तयार झाला आणि विलासराव आले. खुर्चीच्या टोकावर बसले, फोन उलटा नव्हे, सुलटा समोर ठेवला आणि पिशवीतून एक जाडजूड वही काढली. आयुष्य बँकेत गेलेला माणूस. पट्टीनं आखलेले रकाने, निळ्या शाईत नोंदी: तारीख, वार, वेळ, किती मिनिटं, आदल्या दिवशी काय खाल्लं, ऊन की पाऊस. शेवटचा रकाना तिथीचा. "अमावस्येला जास्त येतात म्हणतात," ते जरा ओशाळून म्हणाले.

'किती मिनिटं'च्या रकान्यात दहा, आठ-दहा, दहाच्या वर असे आकडे होते. ते वाचून मी सावध झाले. मी प्राण्यांची डॉक्टर नाही, पण अशी माणसं समोर बसणार तर त्यांचं दुखणं कशाभोवती फिरतंय ते माहीत हवं, म्हणून बंड्याच्या डॉक्टरांशी आधीच सविस्तर बोलले होते. साधी फिट बहुधा एक-दोन मिनिटांत आटोपते. पाच मिनिटांच्या वर गेली किंवा चोवीस तासांत दुसरी आली, तर वाट न बघता दवाखाना गाठायचा. दहा मिनिटांच्या फिटा घरच्या घरी निभावल्या असत्या, तर कथा वेगळी झाली असती.

"एखादी रेकॉर्ड केलीय?"

मीनाताईंनी केली होती, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून. विलासरावांनी ती एकदाही पाहिली नव्हती. धीर होत नव्हता. आम्ही तिघांनी ती तिथंच पाहिली. बंड्या आडवा, चारही पाय ताठ, मग पायांचे झटके, तोंडाला फेस, खाली लघवी. मागून विलासरावांच्या हाका, "बंड्या, ए बंड्या, इकडे बघ!" मग झटके ओसरले, बंड्या धापा टाकत पडून राहिला. उठला, लटपटत टेबलाच्या पायाला धडकला आणि भिंत धरून आपल्या भांड्याकडे निघाला. मी विचारलं, झटके किती वेळ चालले? विलासराव म्हणाले, "हे लहान दिसतंय. पण सात-आठ मिनिटं तरी असतील." मी फोन त्यांच्या हातात दिला. झटके थांबेपर्यंत एक मिनिट चाळीस सेकंद.

त्यांनी पुन्हा लावून पाहिलं. हिशेब जुळत नसला की माणूस बेरीज परत मारतो, तसं.

"या दीड मिनिटात तुम्ही काय काय केलंत?"

"हाका मारल्या. जीभ गिळू नये म्हणून तोंडात चमचा घालायला गेलो." उजव्या हाताच्या तर्जनीवरचा व्रण त्यांनी दाखवला. "वॉचमननं सांगितलं म्हणून कांदा फोडून नाकाशी धरला. चप्पलही."

"यातल्या कशानं फिट थांबली?"

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मीनाताईंनी तोंड उघडलं होतं, मी हातानं थांबवलं. अशा वेळची शांतता भरून काढायचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही.

"कशानंच नाही," ते म्हणाले. "ती आपली आपण थांबली." आणि मग जवळजवळ चिडून, "म्हणजे मी तिथं असून उपयोग काय?"

हे वाक्य त्यांच्या तोंडून निराशेनं आलं. मला मात्र त्यातच वाट दिसली. वर्षभर त्यांनी मनाशी एक अट धरली होती: बंड्याला फिट येईल तेव्हा मी तिथं असायलाच हवं, नसलो तर घात होईल आणि दोष माझा असेल. ही अट कुणी घातली नव्हती. डॉक्टरांनी नाही, मीनाताईंनी नाही आणि बंड्यानं तर नाहीच. उपयोग काय, हे त्यांनी स्वतः विचारलं तेव्हा पहिल्यांदा त्या अटीची उलटतपासणी झाली.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीच्या वळणाची मी. माणूस घटनेनं जितका हलतो त्याहून जास्त, त्या घटनेबद्दल स्वतःला जे बजावत राहतो त्यानं हलतो, हे मला रोज दिसतं. एका सहकारी मैत्रिणीनं विचारलं, यांच्या घरात पूर्वी कुणी अचानक गेलं होतं का? असेलही. पण भूतकाळ उकरायची मला घाई नसते. विलासरावांना आधी वाण्याकडे जाऊन यायला जमायला हवं होतं.

जीभ गिळली जात नाही. तोंडात हात, चमचा, काहीही घालायचं नाही. शुद्धीवर नसलेला कुत्रा ओळखीच्या हातालाही करकचून चावतो. कांदा, चप्पल यांचा काडीचा उपयोग नाही, आणि घाईत कांद्याचा रस पोटात गेला तर तो कुत्र्याला विषारी आहे, रक्तातल्या तांबड्या पेशी त्यानं फुटतात. माणसाच्या हातात उरतं एवढंच: डोक्याजवळचं फर्निचर सरकवणं, पंखा लावणं, घड्याळ बघणं, आणि नंतर भांबावलेल्या जनावराशी हळू आवाजात बोलणं. शुद्धीवर आल्यावर काही वेळ त्याला नीट दिसत नाही, ते येरझाऱ्या घालतं, खा-खा करतं. हे काही मिनिटं चालतं, कधी काही तास. फिट चालू असताना त्याला शुद्ध नसते, त्यामुळे वेदनाही जाणवत नाहीत, असं डॉक्टर सांगतात.

"म्हणजे मी जे रात्ररात्र आठवत बसतो ते त्याला ठाऊकही नाही?" विलासरावांनी विचारलं.

"नाही."

त्यांच्या चेहऱ्यावर सुटका होती आणि थोडा अपमानही. या दोन गोष्टी बरोबरच येतात.

पुढच्या भेटीतला प्रसंग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. वही पुन्हा चाळताना एक गोष्ट डोळ्यांत भरली. खरं तर नसलेली गोष्ट.

"विलासराव, गोळीचा रकाना कुठंय?"

"गोळी काय, ती रोज देतोच. सकाळी सात, संध्याकाळी सात."

"काल सकाळी किती वाजता दिलीत?"

त्यांनी मीनाताईंकडे पाहिलं. "नऊ वाजून गेले होते," त्या म्हणाल्या. "रात्रभर जागे होते. पहाटे डोळा लागला."

"परवा?"

परवा दिलीच नव्हती की दिली होती, यावर दोघांचं एकमत होईना.

बंड्याला फेनोबार्बिटोन हे फिटांवरचं औषध चालू होतं. ते बारा-बारा तासांच्या अंतरानं वेळेवर गेलं तर रक्तातलं प्रमाण टिकतं. डोस चुकला, किंवा कुणी आपल्या मनानं औषध एकदम बंद केलं, तर फिटा उलट जोरानं येऊ शकतात. तिथी लिहिणारा माणूस गोळी लिहीत नव्हता, कारण त्याचं सगळं बळ जागण्यात जात होतं. घराला कुलूप न लावता रात्रभर काठी घेऊन दारात बसावं, तसं चाललं होतं. मी हे शब्द वापरले नाहीत. वही त्यांच्याकडे वळवून फक्त म्हटलं, "बँकेच्या ऑडिटरनं काय शेरा मारला असता?"

विलासराव मनापासून हसले. मग गंभीर झाले. त्या दिवशी घरी जाऊन त्यांनी गोळीचे दोन रकाने आखले, सातच्या वेळेला गजर लावला आणि रात्री पलंगावर झोपले. तिथीचा रकाना आजही आहे. असू दे.

हे दाखवून देणं हे माझं काम, असं मी मानते. 'काळजी करू नका' हे त्यांना सगळ्यांनीच सांगितलं होतं, फुकट.

जे आधी करून ठेवता येतं ते त्यांनी दोन रविवारांत केलं. बाहेर जाताना बंड्यासाठी एक खोली ठरली: पलंग-सोफा नाही, जिना-गॅलरी नाही, पाण्याची बादली नाही, खाली घसरणार नाही अशी चटई. फ्रिजवर एक कागद: डॉक्टरांचा नंबर, रात्रभर उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा पत्ता, गोळीचं नाव आणि डोस, 'पाच मिनिटं' हे शब्द ठळक. काही कुत्र्यांसाठी डॉक्टर घरात ठेवायला तातडीचं औषध देतात. ते असेल तर कसं द्यायचं हे कुत्रा बरा असतानाच शिकून घ्यावं. रोजच्या औषधानं कुत्रा सुरुवातीचे एक-दोन आठवडे गुंगीत राहतो, पाणी जास्त पितो, भूक सुटते, वजन वाढतं. घाबरून आपल्या मनानं डोस कमी करू नये, डॉक्टरांना सांगावं. रक्तातलं औषधाचं प्रमाण आणि यकृत यांच्या तपासण्या टाळू नयेत. आणि गोचीड-पिसवांची कुठली गोळी देताय तेही डॉक्टरांच्या कानावर घालावं. त्यातल्या एका गटामुळे काही कुत्र्यांना फिटा येऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१८ साली दिलाय.

मग बाहेर पडणं. आधी कोपऱ्यापर्यंत दूध. मग दोघांनी मिळून अमृततुल्यात चहा. मग बालगंधर्वला नाटक. अट माझी: घरातला कॅमेरा फक्त मध्यंतरात बघायचा. "पहिल्या अंकात काय झालं ते विचारू नका," असं नंतर विलासराव म्हणाले.

मधेच त्यांनी तो प्रश्न विचारला जो सगळ्यांच्याच तळाशी असतो. "आणि मी नसताना गेलाच तर?"

इथं समुपदेशकानं खोटं बोलू नये. एखाद्या छोट्या फिटेत कुत्रा जाणं दुर्मीळ आहे. धोका लांबलेल्या किंवा एकामागून एक येणाऱ्या फिटांचा असतो. पण शंभर टक्के हमी कुणाकडेच नाही. मी म्हटलं, "तुम्ही असतानाही जाऊ शकतो. हमी मिळणार नाही. हमीशिवाय सांगलीला जाऊन येता येतं का, एवढंच आपण बघतोय." ते कडवट होतं. पण त्यानंतर त्यांनी हमी मागणं कमी केलं, आणि माझ्या मते औषध तिथंच लागू पडलं.

एका संध्याकाळी त्यांचा फोन आला. दोघं बाजारातून परतले तर चटई सरकलेली, लघवीचं थारोळं, आणि बंड्या दारात शेपूट हलवत, भुकेजला. "मॅडम, आली होती. आणि गेली पण." आवाजात भीती नव्हती. जरा वेळानं म्हणाले, "माझ्यावाचून काही अडलं नाही त्याचं."

"वाईट वाटतंय?"

"थोडं."

वाटू द्या, म्हटलं. निवृत्तीनंतर आपण कुणाला तरी अत्यावश्यक आहोत, ही जाणीव त्यांना बंड्यानं दिली होती. ती सोडायची तर थोडं दुखणारच. पण बंड्याला त्यांची गरज सकाळी सातला होती, संध्याकाळी सातला होती, फिरायला होती. तिथं त्यांच्या जागी दुसरं कुणी चाललं नसतं.

घरातल्या इतरांसाठी एक सांगते. अशा माणसाला 'कुत्राच तर आहे' असं म्हणू नका, आणि त्याच्या पहाऱ्यात सामीलही होऊ नका. मीनाताई कित्येक महिने न बोलता पाळी वाटून घेत होत्या. त्यांना ती मदत वाटत होती. विलासरावांना मात्र त्यातून आपली भीती खरी असल्याचा दाखला मिळत होता. मीनाताईंनी पाळी सोडली तेव्हा घरात दोन दिवस अबोला होता.

सांगलीला दोघं गेले. शेजारचा मुलगा बंड्याजवळ राहिला, त्याला फ्रिजवरचा कागद पाठ होता. काही झालं नाही. फिट आली ती नंतर, दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. फटाक्यांमुळे की आपसूक, ते कळायला मार्ग नाही. विलासरावांनी मला वहीतल्या नोंदीचा फोटो पाठवला: वेळ एक मिनिट दहा सेकंद, गोळी सातला दिलेली. खाली एक ओळ मीनाताईंच्या अक्षरात होती. 'मी चकल्या तळत होते. गॅस बंद केला नाही.'